वॉटसनची रिकामी जागा : शेरलॉक होम्सच्या भूमिकांचा तौलनिक विचार

१

एखादी गाजलेली कथात्म व्यक्तिरेखा अनेक नटांनी साकारली की तिच्याविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहते : यांपैकी ‘खरा’ कोण? शेरलॉक होम्सच्या बाबतीत हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे विचारला जात आहे. विल्यम जिलेट, एली नॉर्वुड, बॅसिल रॅथबोन, पीटर कुशिंग, वासिली लिवानोव्ह, जेरेमी ब्रेट, बेनेडिक्ट कंबरबॅच ही त्यातील काही ठळक नावे. २०१२ साली गिनेस विक्रमनोंदीने चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांत सर्वाधिक वेळा साकारले गेलेले साहित्यातील मानवी पात्र म्हणून होम्सचा निर्देश केला, तेव्हा ही संख्या २५४ इतकी होती. एवढ्या विपुल प्रयोगसामग्रीतून ‘खरा’ निवडायचा, तर त्यासाठी मूळ संहिता हे प्रमाण मानणे ओघानेच येते. कोणता नट कॉनन डॉइलच्या वर्णनाशी अधिक जुळतो, कोणी मूळ संवाद अधिक प्रामाणिकपणे उच्चारले, कोणाचे नाक अधिक गरुडासारखे आहे, अशा निकषांवर मग निवाडे दिले जातात.

या निवाड्यांची पहिली अडचण अशी, की ज्या खुणांनी होम्स ओळखला जातो त्यांतील कित्येक खुणा संहितेतल्या नाहीतच. कानपट्ट्यांची शिकारी टोपी ही ‘स्ट्रँड’ मासिकाचा चित्रकार सिडनी पॅजेट याने १८९१ साली ‘द बॉस्कम व्हॅली मिस्टरी’ या कथेच्या चित्रांत काढली. कथेत फक्त डोक्याला घट्ट बसणाऱ्या कापडी टोपीचा उल्लेख आहे. ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये कानपट्ट्यांची प्रवासी टोपी येते; परंतु ती प्रवासातली टोपी आहे, लंडनच्या रस्त्यांवर नित्य वागवायची नव्हे. बाकदार पाइपचे श्रेय सामान्यतः जिलेटच्या रंगभूमीवरील प्रयोगांना दिले जाते. होम्सचे म्हणून जगभर उद्धृत होणारे, वॉटसनला उद्देशून उत्तराचा सोपेपणा सांगणारे वाक्य त्या रूपात डॉइलच्या ६० कथा-कादंबऱ्यांपैकी एकीतही आढळत नाही. म्हणजे ज्याला प्रेक्षक ‘मूळ होम्स’ म्हणतो, तो चित्रकार, नट, नाटककार आणि पटकथाकार यांनी थराथराने घडवलेला आहे. भरताच्या परिभाषेत बोलायचे तर होम्सचा आहार्य अभिनय परंपरेने आधीच ठरवून टाकला आहे आणि संहितेचा त्यातील वाटा बेताचाच आहे.

मात्र एवढ्यावरून ‘मूळ असे काही नसतेच’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. संहितेत होम्सचे रूप ठरवणारे एक तत्त्व निश्चितपणे आहे. फक्त ते नाकात, टोपीत किंवा पाइपमध्ये शोधून सापडणारे नाही. ते निवेदनाच्या रचनेत आहे.

२

डॉइलच्या होम्सविषयक लेखनात ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा आहेत. यांतील बहुतेक सर्व डॉ. वॉटसन सांगतो. होम्सचे जे काही वाचकापर्यंत पोचते, ते वॉटसनच्या नजरेतून गाळून आलेले असते. होम्सच्या मनात काय चालले आहे हे वॉटसनला ठाऊक नसते; त्याला दिसतात त्या केवळ बाह्य खुणा : खुर्चीत आक्रसून बसणे, बोटांची टोके जुळवणे, अवेळी व्हायोलिन वाजवणे, दीर्घ मौन. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) या पहिल्याच कादंबरीत वॉटसन आपल्या नव्या सोबत्याच्या ज्ञानाची आणि अज्ञानाची यादी करतो आणि त्यातून त्याचा व्यवसाय काही ओळखता येत नाही म्हणून ती जाळून टाकतो. होम्सच्या वाचनाचा हा पहिला अयशस्वी प्रयत्न होय. पुढचे सारे कथन हे त्याच अपयशाचे विस्तारित रूप आहे असे म्हटले तरी चालेल. होम्स जगातल्या खुणा वाचतो. वॉटसन होम्सच्या खुणा वाचू पाहतो आणि चुकतो. वाचक वॉटसनचे हे चुकणे वाचतो.

या रचनेत वॉटसनची दोन कार्ये आहेत. तो कथेतले एक पात्र आहे आणि कथेचा निवेदकही आहे. त्याचे अज्ञान ही त्याच्या बुद्धीची मर्यादा नसून निवेदनाची गरज आहे. ‘द फायनल प्रॉब्लेम’ (१८९३) या कथेत होम्सचा मृत्यू वॉटसन प्रत्यक्ष पाहत नाही. पाऊलखुणा आणि एक चिठ्ठी यांवरून तो मृत्यूचे अनुमान करतो. हे अनुमान चुकीचे ठरू शकत होते म्हणूनच १९०३ साली ‘द एम्प्टी हाऊस’मध्ये डॉइलला होम्सला परत आणता आले. निवेदकाने न पाहिलेली एक जागा नायकाला जिवंत ठेवते, ही गोष्ट या लेखनाच्या स्वभावावर पुरेसा प्रकाश टाकते.

याची उलट तपासणीही संहितेतच उपलब्ध आहे. ‘द ब्लँच्ड सोल्जर’ आणि ‘द लायन्स मेन’ या १९२६ सालच्या दोन कथा होम्स स्वतः सांगतो. ‘हिज लास्ट बाऊ’ (१९१७) आणि ‘द मझारिन स्टोन’ (१९२१) या दोन कथा तृतीयपुरुषी आहेत. होम्स स्वतः सांगू लागताच त्याच्या तर्काचे तेज उणावते. कारण विचाराची प्रत्येक पायरी ज्याला ठाऊक आहे त्याला ती लपवून ठेवताना अवघडल्यासारखे होते. ‘द मझारिन स्टोन’ची गोष्ट याहून उद्बोधक आहे. ती डॉइलच्याच एका एकांकिकेवरून लिहिलेली आहे. रंगमंचावर निवेदकाला जागा नव्हती. कथेत परतल्यावरही ती जागा भरली गेली नाही. त्या कथेत वॉटसन थोडा वेळ येऊन निरोप घेऊन जातो आणि उरलेला भाग एखाद्या बंद खोलीतल्या नाट्यप्रवेशासारखा संवादांवर चालतो.

तेव्हा होम्सचे प्रयोगरूप म्हणजे केवळ एका व्यक्तिरेखेचे माध्यमांतर नव्हे. त्यात वॉटसन हे पात्र टिकते, पण वॉटसन हा निवेदक नाहीसा होतो. कथनातला त्याचा आवाज लोपल्यावर एक रिकामी जागा निर्माण होते. प्रत्येक नट, आणि त्याच्यामागचा पटकथाकार व दिग्दर्शक, ही जागा आपापल्या परीने भरतो. भूमिकांची तुलना करायची तर ती या भरण्याच्या रीतींची करायला हवी.

३

ही जागा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर भरली ती विल्यम जिलेटने. त्याचे ‘शेरलॉक होम्स’ हे नाटक १८९९ साली न्यूयॉर्कला आले आणि पुढील तीन दशकांत त्याने ही भूमिका १,३०० च्या आसपास वेळा केली. या नाटकात वॉटसनचा वाटा किरकोळ आहे. होम्सचे गूढ वॉटसनच्या विस्मयातून उभे राहण्याऐवजी ते नटाच्या संयमातून उभे करावे लागले. जिलेटची अभिनयपद्धती त्या काळच्या भडक मेलोड्रामाच्या मानाने शांत आणि कमी हालचालींची होती. नटाने प्रत्येक वाक्य जणू प्रथमच सुचल्यासारखे उच्चारावे, हे तत्त्व त्याने पुढे १९१३ साली एका व्याख्यानात मांडले. कथेत ‘प्रथमच’चा हा अनुभव वॉटसनच्या वाट्याला येतो, तो दर वेळी नव्याने चकित होतो. जिलेटने तो अनुभव नायकाच्या अंगी आणला. १९१६ साली निघालेला आणि हरवला असे मानला गेलेला त्याचा मूकपट २०१४ साली फ्रेंच सिनेमाटेकच्या संग्रहात सापडला. त्यातील होम्सची मुद्रा आजच्या प्रेक्षकालाही थंड आणि आवरलेली वाटते. या नाटकाच्या शेवटी होम्स प्रेमात पडतो, याबद्दल जिलेटला दोष दिला जातो. परंतु निवेदक गेल्यावर नायकाच्या अंतरंगाचा काहीतरी पुरावा प्रेक्षकाला देणे भाग होते. मेलोड्रामाजवळ त्यासाठी प्रेमाखेरीज दुसरे हुकमी साधन नव्हते.

बॅसिल रॅथबोनने १९३९ ते १९४६ या काळात १४ चित्रपटांत होम्स साकारला. पहिले दोन व्हिक्टोरियन काळात घडतात. १९४२ पासूनचे युनिव्हर्सलचे १२ चित्रपट समकालीन जगात घडतात आणि त्यांतील पहिल्या तिहींत होम्स नाझी हेरांशी झुंजतो. रॅथबोनचा आवाज धारदार, उच्चार स्वच्छ, देह ताठ. वाचिक आणि आंगिक अभिनयाचा इतका नेमका मेळ त्यापूर्वी या भूमिकेत क्वचितच दिसला असेल. परंतु या चित्रपटांचे खरे रचनासूत्र नायजेल ब्रूसच्या वॉटसनमध्ये आहे. हा वॉटसन विसराळू, गोंधळलेला, हास्यास्पद आहे. संहितेत वॉटसनचे अज्ञान निवेदनापुरते होते; येथे ते त्याच्या स्वभावात उतरले. अशा वॉटसनमुळे होम्सची बुद्धिमत्ता सिद्ध करण्याची गरजच उरत नाही, ती शेजारच्या मूढतेशी होणाऱ्या विरोधातून आपोआप दिसते. रॅथबोनच्या भूमिकेत निःसंशय तेज आहे, परंतु गूढ कमी आहे. त्याच्याकडे बारकाईने पाहणारे कोणी पडद्यावर नाही.

४

जेरेमी ब्रेट आणि वासिली लिवानोव्ह यांच्या भूमिका काळाने जवळच्या, आणि पद्धतीने एकमेकींच्या विरुद्ध आहेत. ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या मालिकेत ब्रेटने १९८४ ते १९९४ या काळात ४१ भागांत काम केले. निर्माते मायकेल कॉक्स यांनी संहितानिष्ठा हे मालिकेचे घोषित धोरण ठेवले होते. पॅजेटच्या चित्रांतील रचना दृश्यांत जशाच्या तशा उतरवल्या गेल्या. वॉटसनलाही डेव्हिड बर्क आणि नंतर एडवर्ड हार्डविक यांनी त्याचे शहाणपण परत मिळवून दिले. तरीही ब्रेटचा होम्स हा संहितेत सर्वाधिक भर घालणारा होम्स आहे. एकाएकी फुटणारे हसू, हवेत थबकणारा हात, निमिषार्धात मावळणारा उत्साह या सर्वांतून त्याने नायकाचे अंतरंग दृश्य केले.

‘द डेव्हिल्स फूट’ हे याचे नेमके उदाहरण आहे. कथेत विषारी धुराच्या प्रयोगातून वॉटसन स्वतःला आणि होम्सला बाहेर काढतो. त्यानंतरच्या होम्सच्या क्षमायाचनेत त्याला मित्राच्या हृदयाचे ओझरते दर्शन होते, आणि ते ओझरते आहे हे तोच सांगतो. १९८८ सालच्या भागात भानावर येताना ब्रेट वॉटसनला त्याच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारतो. संहितेत होम्स असे कधीही करत नाही. याच भागात तो आपली अमली द्रव्याची सुई वाळूत पुरतो, तेही संहितेबाहेरचे. संहितानिष्ठेच्या निकषावर या दोन्ही जागा दोषास्पद ठरतील. निवेदनाच्या निकषावर मात्र त्यांचा अन्वय लागतो. वॉटसनच्या एका वाक्याने जे काम केले असते ते एका उच्चाराने आणि एका कृतीने करावे लागले. ब्रेटने निवेदकाची जागा सात्त्विक अभिनयाने भरली. यात धोकाही होता. अंतरंग इतके उघडे झाल्यावर नट आणि पात्र यांतली रेषा पुसट होऊ लागते. ब्रेटचे मानसिक आजारपण आणि हृदयविकार लोकांना ठाऊक होते. होम्स मरणासन्न असल्याचे सोंग करतो त्या ‘द डाइंग डिटेक्टिव्ह’ या कथेचा भाग १९९४ साली दाखवला गेला आणि १९९५ साली ब्रेटचे निधन झाले. आज तो भाग पाहणाऱ्याला सोंगाआडचे खरे आजारपण दिसल्यावाचून राहत नाही. कथेचे मर्म होम्सच्या सोंगाने वॉटसन फसण्यात आहे. येथे प्रेक्षकाला फसणे अवघड जाते.

लिवानोव्हने १९७९ ते १९८६ या काळात इगोर मास्लेन्निकोव्ह यांच्या दिग्दर्शनाखाली लेनफिल्मच्या मालिकेत होम्स साकारला. त्याचा वॉटसन होता विताली सोलोमिन. बेकर स्ट्रीटसाठी रीगा शहरातला रस्ता वापरला गेला. या मालिकेचा आरंभच वॉटसनच्या वाचनाने होतो : नवा सोबती, त्याच्याकडे येणारी संशयास्पद माणसे, विषांचे ज्ञान, या खुणा जुळवून तो होम्स हा गुन्हेगारच असावा असा निष्कर्ष काढतो. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मधल्या त्या जाळलेल्या यादीला येथे कथानकाचे रूप मिळाले आहे. निवेदकाचा आवाज गेला तरी निवेदकाची कृती, म्हणजे चुकीचे वाचन, पडद्यावर टिकली. त्यामुळे लिवानोव्हला फारसे काही ‘करून दाखवावे’ लागत नाही. घोगरा आवाज, मिस्किल शांतपणा आणि समोरच्याला बोलू देण्याची तयारी एवढ्या भांडवलावर त्याचा होम्स उभा राहतो. त्याचे गूढ सोलोमिनच्या चेहऱ्यावर घडते. २००६ साली लिवानोव्हला ब्रिटिश सन्मान मिळाला, त्याचे कौतुक ‘रशियनांनी इंग्रजी होम्स अचूक उभा केला’ असे केले जाते. वेशभूषेपेक्षा ही निवेदनव्यवस्था त्या अचूकतेला अधिक कारणीभूत आहे.

५

एकविसाव्या शतकातील भूमिकांनी हीच जागा वेगळ्या साधनांनी भरली. कंबरबॅचच्या ‘शेरलॉक’ मालिकेत (२०१० ते २०१७) नायकाचे तर्क अक्षररूपाने पडद्यावर उमटतात. प्रेक्षक वॉटसनच्या बाजूला न बसता नायकाच्या डोक्यात बसतो. कंबरबॅचचा वाचिक अभिनय या व्यवस्थेशी सुसंगत आहे : वाक्ये इतक्या वेगाने येतात की विचार आणि उच्चार यांत अंतर उरत नाही. संहितेत मात्र हे अंतर हेच सौंदर्यस्थान होते. आधी निष्कर्ष, मग विस्मय, मग उलगडा, या क्रमातील विलंब येथे नाहीसा होतो.

‘एलिमेंटरी’ (२०१२ ते २०१९) या १५४ भागांच्या अमेरिकन मालिकेत जॉनी ली मिलरचा होम्स व्यसनमुक्तीच्या वाटेवर आहे आणि ल्युसी लिऊची जोन वॉटसन त्याच्यावर लक्ष ठेवायला नेमलेली आहे. पाहणे हेच तिचे काम आहे. पुढे ती त्याची पद्धत शिकून स्वतः अन्वेषक होते. साक्षीदाराने विद्या आत्मसात केल्यावर नायकाचे गूढ ओसरते, आणि मिलरची भूमिका हे ओसरणे जाणीवपूर्वक स्वीकारते.

इयन मॅकेलनच्या ‘मिस्टर होम्स’ने (२०१५) प्रश्नालाच हात घातला. १९४७ सालचा, ९३ वर्षांचा, स्मृती हरवत चाललेला हा होम्स वॉटसनने लिहिलेल्या हकिकतीवरचा चित्रपट चित्रपटगृहात बसून पाहतो आणि आपली शेवटची केस स्वतः लिहू पाहतो. टोपी चित्रकाराची होती हेही तो सांगून टाकतो. निवेदकाच्या रिकाम्या जागेवर येथे नायक स्वतःच येऊन बसला आहे, आणि ती जागा किती अवघड आहे याचा अनुभव घेत आहे. मॅकेलनचा अभिनय आठवण्याच्या धडपडीचा अभिनय आहे. दुसऱ्यांच्या खुणा वाचणारा माणूस आता स्वतःच्या आयुष्याच्या खुणा वाचू शकत नाही.

६

या विवेचनाची कसोटी एकाच संहितेवर घेता येईल. ‘द हाऊंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९०१-०२) या कादंबरीच्या १५ प्रकरणांपैकी सहाव्याच्या आरंभी स्थानकावर निरोप दिल्यानंतर होम्स अकराव्या प्रकरणाच्या अगदी अखेरपर्यंत प्रत्यक्ष दिसत नाही. मधला भाग वॉटसनच्या कथनाने, त्याने होम्सला पाठवलेल्या अहवालांनी आणि रोजनिशीने व्यापला आहे. नायक नसताना त्याचे अस्तित्व जाणवत ठेवणे हे निवेदकाचे कसब. १९३९ च्या चित्रपटात श्रेयनामावलीत पहिले नाव सर हेन्री झालेल्या रिचर्ड ग्रीनचे आहे, रॅथबोनचे दुसरे. होम्सच्या गैरहजेरीत प्रेमकथा पुढे सरकते. १९५९ च्या हॅमर चित्रपटात आंद्रे मोरेलचा समंजस वॉटसन ही गैरहजेरी पेलतो, म्हणून कुशिंगचा चपळ, तिखट होम्स परतताच पडदा भरून जातो. १९८१ च्या रशियन रूपात सोलोमिन तो भाग स्वतःच्या अधिकाराने व्यापतो. २०१२ च्या ‘शेरलॉक’मध्ये मात्र नायक आधी नकार देऊन लगेच वॉटसनबरोबर निघतो. अनुपस्थितीच रद्द होते. त्या बदल्यात नायकाला स्वतःलाच श्वान दिसल्याचा भास होतो आणि भीतीने त्याची स्वतःच्या बुद्धीवरची श्रद्धा डळमळते. निवेदकाने सांभाळायचे अंतर जिथे नको झाले, तिथे नायकाचे मन हेच रंगस्थळ झाले.

यावर असा आक्षेप संभवतो, की या पद्धतीने नटाची कला रचनेच्या हिशोबात विरून जाते. श्रेय पटकथेचे ठरते आणि नट निमित्तमात्र उरतो. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु एकाच पटकथाव्यवस्थेत दोन नट सारखेच यशस्वी झाले नसते. ब्रेटची ती हाक लिहून ठेवणे सोपे आहे, ती निभावणे नव्हे. लिवानोव्हचा संयमही दुसऱ्या नटात नुसती उदासीनता ठरला असता. रचना नटापुढे प्रश्न ठेवते, उत्तर त्याच्या देहाने आणि आवाजानेच द्यावे लागते. नटाला काय सोडवायचे होते हे कळल्याशिवाय त्याने ते किती चांगले सोडवले हे सांगता येत नाही.

संस्कृत नाट्यविचारातील ‘पात्र’ हा शब्द मराठीने सहजपणे कादंबरीतील व्यक्तींनाही लावला आहे. भांडे असा त्याचा मूळ अर्थ या संदर्भात लक्षात घेण्यासारखा आहे. संहितेतला होम्स हे बाहेरून रेखीव आणि आतून झाकलेले पात्र आहे, आणि त्याचे झाकण वॉटसनच्या हाती आहे. माध्यमांतराच्या समीक्षेने नट मूळ वर्णनाशी किती जुळतो हे पाहण्यात आजवर पुष्कळ शक्ती खर्च केली. कथेत पात्र कोणाच्या नजरेने घडले, प्रयोगात ती नजर कोठे गेली आणि तिच्या अभावी नटाने काय उभे केले, हे प्रश्न तिने विचारले, तर संहितानिष्ठा हा गुण आणि बदल हा दोष असे सरधोपट समीकरण मागे पडेल. त्या निकषाने पाहिल्यास ब्रेटने संहितेबाहेर जाऊन निवेदकाचे ऋण फेडले असे म्हणावे लागते, आणि रॅथबोनच्या निर्दोष रूपात एका शहाण्या साक्षीदाराची उणीव भासत राहते.